भिंतीवरच्या दोन मार्ता

आधीच सांगून ठेवतो, यातलं मला स्वतःला किती आठवतं आणि भिड्यांच्या तोंडून ऐकून ऐकून किती माझं झालंय, याची खात्री नाही. सिंगापुरात पुंगोलला पाण्याकाठी फेरी मारून आम्ही बाकावर बसतो. एकाने एक गोष्ट काढली की दुसऱ्याला दोन सुचतात. त्या डिसेंबरच्या सहलीचे किस्से असेच साठत गेले. साल २०१४. बहुधा.

हे ‘बहुधा’ म्हणजे माझं जुनं दुखणं. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे ‘नक्की’ म्हणायला जीभच वळत नाही. बँकेतून निवृत्त झालेले भिडे मला ‘बहुधासर’ म्हणतात. तिसऱ्या आमच्या रिबेकाबाई. मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, आयुष्य ठाण्यात गेलं, नंतर जवळच्या हौगांगला लेकीकडे आल्या.

क्राकोव्ह आणि प्रागचा बेत त्यांचाच. लहानपणी मुंबईत त्यांना टायफॉइडमधून वाचवलं ते डॉक्टर प्रागहून जीव वाचवून आलेले ज्यू होते. त्यांची आई, मार्ता, मागे राहिली आणि नाझींच्या छावणीत गेली. डॉक्टरांनी लग्न केलं नाही. ते गेल्यावर त्या आईचं नाव घेणारं कोणी उरलं नाही. प्रागच्या एका जुन्या सिनेगॉगच्या भिंतींवर अशी हजारो नावं लिहिलेली आहेत. तिथे ते नाव शोधायचं आणि त्यासमोर प्रार्थना म्हणायची, एवढंच बाईंना हवं होतं.

सिंगापुरी ‘लाह’ तोंडी बसलेल्या माझ्या नातीला हे काही पटेना. “आजोबा, हॉलिडे ना? रडायला कशाला जायचं, लाह?”

मी काहीतरी लांबलचक सांगायला लागलो. बाई मध्येच म्हणाल्या, “कुणीतरी जायला हवं ना, बाळ.” नात आत जाऊन आपला लोकरी स्कार्फ घेऊन आली.

*

सिंगापुरात गरम कपडे असतात कुणाकडे? ज्यांच्याकडे असतात त्यांचे सगळ्या मराठी मंडळींत फिरतात. भिड्यांच्या वाट्याला सेरंगूनच्या एका मित्राच्या मुलाचं स्कीइंगचं जाकीट आलं. पोपटी, पाठीवर नारिंगी पट्टा. खिशात अर्धं चॉकलेट निघालं, ते त्यांनी विमानातच संपवलं.

क्राकोव्हजवळच्या छावणीच्या फाटकाशी बस थांबली. बाहेर बर्फ. भिडे उतरले, चार पावलं चालले आणि थांबले. जाकीट काढून त्यांनी ते उलटं केलं. आतलं राखाडी अस्तर वर आलं, पण चेन काही लागेना. तीन तास ते तसेच, छाती उघडी टाकून फिरले.

मी म्हटलं, अहो, न्यूमोनिया होईल.

“लग्नाला आल्यासारखा दिसत होतो, सर.”

*

त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. क्राकोव्हमधल्या एका सिनेगॉगच्या दाराशी भिड्यांनी सवयीने बूट काढले, टोपी काढली आणि ते नुसत्या मोज्यांनी थंडगार फरशीवर हात जोडून उभे राहिले. मी पुस्तकं वाचून गेलेला माणूस, पण त्यांच्याकडे बघून मीही एक बूट काढला होता! दारावरचा म्हातारा धावतच आला. आधी डोक्याकडे बोट, मग पायांकडे.

बाईंना हसू आवरेना. “भिडे, आमच्यात डोकं झाकायचं असतं. पाय कोण विचारतो?”

दुसऱ्या दिवशी छावणीत काचेमागे बुटांचा ढीग पाहिला. लहान मुलांचेही होते. भिडे काचेच्या अगदी जवळ गेले. मग माझ्याकडे न बघताच हळू म्हणाले, “काल मला माझे परत मिळाले.”



*

प्रागला पोचलो तेव्हा सिनेगॉग बंद व्हायला तासभर होता. भिंतीवरच्या ओळी थेट छतापर्यंत, अक्षरं बारीक. बाईंना मोतीबिंदू, म्हणून शोधायचं काम माझ्याकडे आलं. मान मोडून आली तेव्हा डॉक्टरांचं आडनाव सापडलं. तिथलं अगदी नेहमीचं आडनाव. त्यात मार्ता दोन होत्या. एकीखाली दुसरी, जन्मात दोन वर्षांचं अंतर. डॉक्टरांएवढा मुलगा दोघींनाही शोभला असता. बाईंना मार्ताची जन्मतारीख ठाऊक नव्हती.

पलीकडच्या दालनातले दिवे मालवायला सुरुवात झाली.

“सापडलं का, प्रोफेसर?”

भिडे माझ्या शेजारीच होते. त्यांनीही दोन्ही ओळी वाचल्या होत्या. मी बाईंकडे पाहिलं. नातीचा स्कार्फ डोक्यावर घेऊन, भिंतीकडे तोंड करून त्या तयार उभ्या होत्या.

“हो,” मी म्हणालो. “ही वरची. नक्की.”

भिड्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. या ‘नक्की’वरून त्यांनी मला आजवर कधी चिडवलेलं नाही.

मृतांसाठीची मुख्य प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात, असं बाईंनी सांगितलं. भिड्यांनी विचारलं, आम्हा दोघांना धरता येईल का? त्या म्हणाल्या, “नाही चालत. पण उभे राहा.” मग त्यांनी एक स्तोत्र म्हटलं, घरी म्हणायच्या तसं, मराठीत. दिवे मालवणारी बाई पुढे आली आणि ते संपेपर्यंत बटणावरचा हात खाली घेऊन थांबली.

हॉटेलवर रिबेकाबाई आम्हा दोघांच्या आधी झोपल्या. सहलीत पहिल्यांदाच.

*

त्या असेपर्यंत खरं काय ते शोधायचं धाडस मला झालं नाही. त्या गेल्यावर, चार-पाच वर्षांनी, नातीने मला मृतांच्या नोंदींची एक वेबसाइट उघडून दिली. मागे राहिलेल्या नातेवाइकांनी आपल्या माणसांसाठी भरलेले अर्ज तिथे पाहता येतात. खालच्या मार्ताचा अर्ज होता. मुंबईहून भरलेला, खाली डॉक्टरांची सही, नात्यापुढे ‘मुलगा’. बाईंनी जिच्यासमोर स्तोत्र म्हटलं, त्या वरच्या मार्तासाठी कोणीच अर्ज भरलेला नव्हता. तिचं नाव फक्त छावणीकडे नेणाऱ्या आगगाडीच्या यादीत होतं.