अक्का सांगायच्या, मी लिहायचो

सुनंदाअक्कांच्या शेजारी बसून मी दोन हंगाम बास्केटबॉल नुसता ऐकला. मैदान नाकासमोर आणि माझी मान मात्र लॅपटॉपमध्ये! आमच्या कामाची रीतच तशी. व्यावसायिक सामन्यात कोणी किती गुण केले, कोणाच्या पासवर बास्केट झाली, रिंगवर आपटून उडालेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, कोणी पकडला, हे सगळं तिथल्या तिथे नोंदवतात. त्यासाठी दोघं लागतात. एकानं खेळावरून नजर हलवायची नाही, तोंडानं सांगत राहायचं. दुसऱ्यानं वर बघायचं नाही, टाइप करत राहायचं. सांगणार अक्का, टाइप करणारा मी.

"अकरा, रिबाउंड. सातला पास. सात, बास्केट. पास अकराचा, लिही. वर काय बघायलास रे पुणेकर? मी हाय ना बघायला!"

अक्का बँकेतून निवृत्त झालेल्या, तरुणपणी राज्याकडून खेळलेल्या. राहायला बरकतपुऱ्यात. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून इथलं, त्यामुळे बोलण्यात मराठी, दखनी आणि तेलुगू एकाच ताटात. मी नोकरीसाठी पुण्याहून आलेला, हौस म्हणून शनिवार-रविवार हे काम धरलेला. माझ्या बोलण्याला त्या मनसोक्त हसायच्या. "तुमचं पुण्याचं मराठी इस्त्रीच्या कपड्यासारखं. बसायला भ्या वाटतंय," म्हणायच्या.

आवाज असा खणखणीत, की शंका घ्यायची कोणाची टाप नव्हती. निवेदक त्यांच्याकडे बघून नाव पुकारायचा. एकदा पाहुण्या संघाचे प्रशिक्षक तावातावानं टेबलापाशी आले. अमुक पास आमचा का नाही धरला, म्हणून. अक्कांनी मानसुद्धा वळवली नाही. "तुम्ही खेळवा, मी बघते. कामं वाटून घेतलेली बरी असतात," एवढंच म्हणाल्या. ते गेले बिचारे परत.

त्यांची खुबी मला त्यांनीच सांगितली होती. "नंबर कायकू बघायचा? गर्दीत नंबर झाकतोय. माणसाची चाल झाकत नाही." आणि खरंच, पाठमोरा खेळाडूही त्या धावण्यावरून ओळखायच्या. घात झाला तो नेमका इथेच.

आमच्या शहराच्या संघात अफझलगंजचे दोघे भाऊ होते. थोरला सलीम, संघाचा लाडका. धाकटा फहीम, नुकताच आलेला, लाजरा, बहुतेक बाकावरच बसलेला. भावाला बघत बघतच खेळायला शिकलेला, त्यामुळे धावणं, उडी मारणं सगळं हुबेहूब तसंच. त्याच्या नावापुढे काही जमा होत नव्हतं आणि सोमवारी त्याला संघातून मोकळं करणार, हे आम्हा टेबलावरच्यांनाही कळलं होतं. शनिवारच्या सामन्यात शेवटच्या क्षणी रिंगखाली एकच झुंबड उडाली. दोघे भाऊ एकदम उसळले, कोणाचा तरी हात चेंडूला लागला, चेंडू आत, आणि सामना जिंकला. अक्का गरजल्या, "सलीम! रिबाउंड सलीम, बास्केट सलीम!" मी लिहिलं. निवेदकानं पुकारलं. पोरांनी सलीमला खांद्यावर घेतलं, सामनावीराची ट्रॉफीही त्यालाच मिळाली.

रविवारी सकाळी अक्कांचा फोन. "घरी ये. आत्ता." गेलो, तर चहा समोर थंड झालेला आणि टीव्हीवर सामन्याचं चित्रण थांबवलेलं. "हात बघ," त्या म्हणाल्या. झुंबडीतून वर आलेला हात डावा होता. सलीम उजव्या हाताचा. डावखुरा तो फहीम.

 मी म्हटलं, "अक्का, सांगून टाकू, माझं बोट चुकलं म्हणून. टायपिंगची चूक कोणीही समजून घेतं."

"डोकं फिरलंय का तुझं?" त्या कडाडल्या. "तुझं बोट बरोबर हाय. चुकली ती मी. माझी चूक मला निस्तरता येती." तिथेच बसून त्यांनी आमच्या संघाच्या प्रशिक्षकांना, लीगच्या लोकांना, निवेदकाला फोन लावले. "मी सुनंदा बोलते. काल मी चुकले," हे वाक्यही त्याच खणखणीत आवाजात! मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की काय सांगू.

मग मला घेऊन त्या सरावाच्या मैदानावर गेल्या. सलीमनं ऐकलं मात्र, तो हसतच सुटला. भावाच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "देखो, गुमसुम बैठा था!" अक्कांनी फहीमला समोर उभं केलं. "बाबू, बास्केट तुझी. उद्या तुला घरी पाठवायले होते. तू बोलला का नाहीस?"

 तो खाली बघतच हळूच म्हणाला, "अक्का, आप भाई का नाम बोले ना... तो मेरेकू बी लगा, भाईनेच डाला."

अक्कांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. परतताना आम्ही रिक्षा केली. बरकतपुरा आला तेव्हा अक्का म्हणाल्या, "स्वतःचा हात विसरला रे पोरगा. माझ्या आवाजापायी."

फहीमला संघानं ठेवून घेतलं. पुढच्या सामन्याला अक्का येतात की नाही, अशी कुजबुज होती. त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या आणि तितक्याच जोरात पुकारू लागल्या. फरक एकच. सामना संपला की खेळाडूंच्या वाटेत उभ्या राहायच्या. "माझं काय चुकलं असंल तर सांगा रे." पोरं हसून, पाया पडून निघून जायची. अक्कांना चूक दाखवणार कोण? त्या खट्टू व्हायच्या, पण पुढच्या सामन्याला पुन्हा उभ्याच.

गेल्या वर्षी त्या अचानक गेल्या. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो, सगळा खेळ दिसतो, आणि तरी त्यांच्याशिवाय सामना मुका वाटतो. त्यांची आठवण निघाली की मला त्यांच्या शेवटच्या हंगामातली एक संध्याकाळ आठवते. सामना संपला होता, त्या नेहमीसारख्या वाटेत उभ्या होत्या. फहीम घाम पुसत आला, थबकला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "हौ अक्का, चुकलं. तो शेवटचा रिबाउंड मेरा नै था. काट डालो."

अक्कांनी माझा दंड असा दाबला, की कळ आली. डोळे भरलेले आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"ऐकलंस का पुणेकर? माझ्या तोंडावर मला नाही म्हणायलंय पोरगं! खोड, खोड लवकर!"