आजोबांचा नंबर

माझी निळी वही तुम्हाला ठाऊक आहे. घरातलं यंत्र कधी आलं, कधी जोडलं, दुरुस्तीला गेलं का आणि शेवटी कधी काढलं, सगळं तिच्यात असतं. तुम्ही तिला हसायचात. पण तिच्यातल्या एका ओळीपुढे ‘काढलं’ लिहायला मला वर्ष लागलं.

एरंडोलजवळच्या आपल्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवला, तेव्हा तुमचे आजोबा फार खूश होते. लाइट आली की तो डबा त्यांना जळगावला फोन करायचा, त्यांनी बटण दाबलं की मोटर लागायची. डब्याला पाठवायचे संदेश इंग्रजीत, म्हणून त्यांचा नंबर मीच जोडून दिला. “चला, तुझं इंग्रजी शेवटी केळीच्या कामी आलं!” म्हणाले. दसऱ्याला त्यांनी डब्याला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. फोनवर नुसता यंत्राचा आवाज यायचा, तरी उचलून म्हणायचे, “हां भाऊ, बोल!”

ते गेल्यावर त्यांचा फोन मी चार्ज करून कपाटावर ठेवू लागले. तो वाजला की बटण दाबायची. आजोबांना ‘आबा’ म्हणणारे आपले जुने सालदार नाना दोनदा म्हणाले, “अक्का, मना नंबर टाकी द्या.” पण त्या डब्यात नंबर एकच राहतो, आधी जुना त्याच फोनवरून काढायचा, मग नवा जोडायचा, तेही पेटीतलं बटण दाबून. पुढच्या आठवड्यात बघू, असं मी म्हणत राहिले. मला तो फोन वाजायला हवा होता.

मग ऐन उन्हाळ्यात बहिणीकडे धुळ्याला गेले आणि तो फोन घरीच राहिला. चोरीच्या भीतीनं डब्याच्या पेटीला कुलूप, आणि किल्ली माझ्या शिस्तीप्रमाणे जळगावच्या खिळ्यावर. तिसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. “अक्का, लाइट उनी, पन मोटर आबासनंच ऐकस. केळी सुकी ऱ्हायनी शे!”

लगेच निघाले. एस.टी. एरंडोलवरूनच गेली, पण मला उतरता येईना. फोन आणि किल्ली पुढे जळगावात, आणि तिथे पोहोचेपर्यंत लाइट गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर पोहोचले, तेव्हा केळीची पानं मिटल्या छत्रीसारखी लोंबत होती. पेटी उघडली. डब्यावरचं कुंकू अजून होतं. आजोबांच्याच फोनवरून त्यांचा नंबर काढायचा संदेश पाठवला. जोडतानाही मीच होते. मग नानांचा जोडला.

लाइट आली, नानांचा फोन वाजला, ते दचकलेच. बटण दाबल्यावर पाइपातून आधी हवा आली, मग पाणी.

“आबासले राग येवाव नही ना, अक्का?”

“केळी वाळली असती तर आला असता,” मी म्हणाले.

कडेची दहा-बारा झाडं गेली, बाकीची तगली. वहीत नंबरापुढे ‘काढलं’ लिहिलं, डब्यापुढे ‘चालू’. आजोबांचा फोन अजून कपाटावरच आहे. लाइटच्या वेळेला नजर तिकडे जाते. परवा न राहवून मीच नानांना फोन केला. मागे पाणी पडत होतं.

“हां अक्का, बोला,” ते म्हणाले. मी जरा वेळ ते पाणीच ऐकलं.