फुलवातींचा दुसरा डबा

कुंदाकाकू गेल्याचं मला आटपाडीहून कळलं. सांगलीत काकूंच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. पण त्या उपचारांसाठी लेकीकडे, फलटणला होत्या. लेकीनं आईच्या फोनवरचा शेवटचा नंबर आधी लावला, आणि तो निघाला बापूंचा. बापू म्हणजे आटपाडीचे मेंढपाळ, कारवानी कुत्री बाळगणारे. कुपवाडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये लेथ चालू होता, म्हणून मी बाहेर येऊन फोन घेतला. "प्रकाशदादा, काकू गेल्या की ओ," बापू म्हणाले. मग म्हणाले, "काल सांजच्याला फोन केला हुता त्यांनी. पिल्लांचं डोळं उघडलं का म्हणून इचारत हुत्या. उघडलं न्हवतं तवा... आज सकाळी उघडलं बगा."

कारवानी म्हणजे आपल्या माळावरचं उंच, शिडशिडीत, लांब तोंडाचं शिकारी कुत्रं. धावायला निघालं की डोळ्यांत मावत नाही. काकूंच्या कुत्र्याच्या, पाऱ्याच्या, बरगड्या दिसायच्या, तर गल्लीतल्या बायका कळवळून म्हणायच्या, "अहो, त्याला जरा खायला घाला." काकू शांतपणे सांगायच्या, "तो असाच असतो. तुमच्या बंडूचं तेवढं कमी करा." यजमान गेल्यावर एकटेपणाला सोबत म्हणून त्यांनी पारा आणला आणि त्याच्या पायी सगळ्या कारवान्यांचा संसार अंगावर घेतला. दर रविवारी गावोगाव जायचं, लसी टोचायच्या, जंताची औषधं द्यायची, आजारी कुत्र्याला डागू नका म्हणून विनवायचं. सोबत एक जनावरांचे डॉक्टर आणि मी. कुत्र्यांना मी भितो, अजूनही भितो. पण माझ्याकडे ओम्नी होती. "तुला कुत्र्यांजवळ बोलावलंय कुणी? तू गाडी चालव," काकू म्हणाल्या, आणि मी स्वयंसेवक झालो.

दुपारी काकू टीव्हीसमोर फुलवाती वळत बसायच्या. त्यांचे दोन डबे होते. पितळी डब्यातल्या वाती देवाच्या, प्लास्टिकच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या. पिल्लाला दिसतंय की नाही, हे पाहायची ती त्यांची रीत. पिल्लासमोर वरून एक फुलवात अलगद सोडायची. कापूस पडला तरी आवाज होत नाही, म्हणजे पिल्लाचं तोंड वातीमागं वळलं तर ते डोळ्यांमुळंच. डॉक्टर साधा कापसाचा बोळा वापरायचे. काकूंना मात्र नीट वळलेली वातच लागायची. वात खाली येताना पिल्लानं मान वळवली की काकू एवढंच म्हणायच्या, "बघतंय." आणि पुढचं पिल्लू घ्यायच्या.

पारा देखणा होता, वाऱ्यासारखा पळायचा. त्याच्यासाठी लोक पार फलटणहून सोयरिकी घेऊन यायचे आणि काकू वरमाईसारख्या तोऱ्यात चहा पाजायच्या. बापूंची कुत्री पाऱ्याचीच लेक. हेच रगात टिकावं म्हणून तिला पुन्हा पाऱ्याकडंच द्यायचं बापूंनी ठरवलं. काकू म्हणाल्या, "बापू, तुम्ही घरात भावकीत सोयरीक कराल का?"

"काय बोलताय काकू. आमी मान्सं हाय."

"मग कुत्रीनं काय पाप केलंय?"

बापू हसले, आणि आपल्या मनासारखंच केलं. पुढं त्या पिल्लांसमोर काकूंनी वाती सोडल्या. दोन पिल्लांनी मान वळवली नाही. काकूंनी पुन्हा सोडली, पुन्हा सोडली... वात नाकावर पडल्यावर पिल्लू दचकलं. ओम्नीच्या दारातून मी पाहत होतो. त्या दिवशी काकूंचं 'बघतंय' आलं नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पाऱ्याचे डोळे ठणठणीत आहेत, पण दोष त्याच्या रक्तात दडून असणार. तेच रक्त दोन्हीकडून एकत्र आलं की तो वर येतो. ही गोष्ट आम्हा चौघांत राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण पाऱ्याची पिल्लं निम्म्या माळावर पांगली होती. पुढच्या रविवारी आटपाडीत सगळ्यांसमोर काकू उभ्या राहिल्या. "माझा पारा आता नवरदेव व्हायचा नाही. त्याच्या रक्तात आंधळेपण आहे. त्याची पोरं ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी आपसात सोयरीक करू नका." बापू तिथंच भडकले. "आवं काकू, आमच्या कुत्र्यांना आता कोन इचारणार? तुमी आमचं नाव घालवलं."

"माझंही गेलंच की," काकू म्हणाल्या.

त्यानंतर त्या पाऱ्याचं पिल्लू असलेल्या प्रत्येक घरी स्वतः गेल्या, मी नेलं. कुठं चहा मिळाला, कुठं दारातूनच बोळवण झाली. परतीच्या वाटेवर त्या गाडीत वाती वळत बसायच्या. बापूंनी बोलणं टाकलं होतं. दोन आंधळ्या पिल्लांना मात्र त्यांनी कुठं सोडून दिलं नाही, मेंढ्यांबरोबर सांभाळलं. आणि एक दिवस बापू सांगलीत काकूंच्या दारात उभे. चपला काढत म्हणाले, "काकू, भाईरचं एखादं स्थळ बगा." काकूंनी फलटणकडचा नवरदेव शोधला, त्याच्या चार पिढ्या विचारून घेतल्या. मग त्या आजारी पडल्या. पाऱ्याला माझ्या दारात बांधून गेल्या. कुत्र्याला भिणाऱ्या माणसाच्या.

महिन्याच्या दिवशी लेकीनं सांगलीचं घर उघडलं. फोटोसमोर निरांजन लावलं होतं आणि शेजारी डबा होता... प्लास्टिकचा. तिला बिचारीला काय ठाऊक. मी सांगितलं नाही. काकूंना चाललं असतं, बहुधा आवडलंच असतं.

पानं वाढायच्या आधी बापू आले. धोतराच्या सोग्यात पिल्लू होतं, काकूंनी जमवलेल्या सोयरिकीचं. "डाक्टर उद्या बगनार हाईत," ते म्हणाले, "पर म्हटलं आदी हितं दावावं." त्यांनी पिल्लू फोटोसमोर जमिनीवर ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. निरांजनाशेजारच्या डब्यातून मी एक फुलवात घेतली आणि वरून अलगद सोडली.

पिल्लानं मान वळवली. वात खाली टेकायच्या आत झडप घालून तोंडात धरली.

बापू डोळे पुसत होते. मी फोटोकडं वळून म्हणालो, "काकू, बघतंय."