दुभत्या जनावरांसाठी

चाकणच्या एका खाद्यवाल्याने मला फसवलं. मी मेंढ्यांचं मिनरल मिक्श्चर मागितलं, त्याने गाईंचं दिलं, आणि मेंढ्यांनाही हेच चालतं असं तोंडावर सांगितलं.

पिशवीवर ‘दुभत्या जनावरांसाठी’ असं छापलं होतं. मी विचारलं, “मेंढीचं वेगळं येतं ना?”

“राव, तुमची मेंढी दूध देते ना? मग दुभतीच की! आणि जनावर न्हाई तर काय, माणूस हाय व्हय?”

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. कंपन्यांच्या भंगाराचे सौदे करत वर आलेला माणूस मी. समोरच्याने पापणी हलवली तरी भाव ओळखतो. त्याचा ओळखता आला नाही, हे आजही सलतं.

माझ्या अकरा दख्खनी मेंढ्या. शेडच्या मागे एका कंपनीची भिंत आहे, पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की मी धारेला बसतो. पिंपळे सौदागरातली एक बाई मेंढीच्या दुधाचं चीज करते, तिला दूध जातं. एका मेंढीचं दूध ते किती, चहाचा पेला भरला तरी खूप. पण दाट इतकं, की भांडं तिरकं केलं तर ते सावकाश, विचार करून वाहतं.

मिक्श्चर सुरू केल्यावर पहिले काही आठवडे दूध वाढलं. मूठभर भरड्यात चिमूटभर राखाडी भुकटी, आणि पेला वरपर्यंत भरायचा. दगडासारख्या क्षाराचं हे प्राणी आत काय करतात, की त्याचं कोमट, गोडसर दूध होतं? मी रोज पेल्याकडे बघत बसायचो.

मग एका सकाळी एक मेंढी उठेना. दुपारी ती गेली. दुसऱ्या दिवशी दुसरी.

ज्या धनगर आजीकडून मी मेंढ्या घेतल्या होत्या, तिचा कळप तेव्हा जवळच्या पडीक माळावर होता. निरोप दिला तशी ती आली. तिने तिसऱ्या मेंढीची खालची पापणी अंगठ्याने ओढली. आत हळदीसारखं पिवळं.

“काय घालतूस ह्यास्नी?”

मी पिशवी आणली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, “वाच.” मी वाचून दाखवलं.

“कुणाचं म्हनलास?”

“दुभत्या जनावरांचं.”

“आरं येड्या, आमी मेंढराला जनावर म्हनत न्हाई. जनावर म्हंजी गाय, बैल, म्हस. मेंढरू ते मेंढरू. बंद कर ते आदी!”

मी रोज ती अक्षरं बघत होतो. अक्षरओळख नसलेल्या बाईने ती एका दमात बरोबर वाचली. मला तिच्याकडे बघत राहावंसं वाटलं.

संध्याकाळी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी तेच सांगितलं, त्यांच्या भाषेत. गाईच्या मिक्श्चरमध्ये तांबं जास्त असतं. गाय ते पचवते, मेंढीला ते बाहेर टाकता येत नाही. कणाकणाने ते यकृतात साठतं, आणि एके दिवशी यकृत सगळं एकदम रक्तात सोडून देतं. किती आठवडे त्या मुक्या जिवांनी विष आत झाकून ठेवलं आणि मला वर दूध दिलं!

औषधाने नऊ वाचल्या. डॉक्टरांना विचारून आजीने खाद्य ठरवून दिलं: मक्याचा भरडा, थोडी पेंड आणि वाळलेल्या बाभळीच्या शेंगा. शेंगा खाताना त्यांच्या तोंडात खुळखुळ्यासारखा आवाज होतो. महिन्याभराने एका मेंढीच्या कासेला तिच्या कोकराने डोक्याने ढुशी दिली आणि पान्हा उतरला. मी हात धुऊन उभाच राहिलो, त्याला आधी पिऊ दिलं.

दुकानात मी गेलो होतो. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो थंडपणे म्हणाला, “राव, पिशवीवर लिहिलंय. तुमी वाचून नेलीत.”

वाचून नेली, कबूल. पण विचारलं होतं मी, आणि उत्तर त्याने दिलं होतं. मेंढीला हे मारतं हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक नसेल तर तो खाद्य विकायला बसतो कसा? ठाऊक असेल, तर दोन मेंढ्या कुणी मारल्या हे त्याने त्याच दुकानात, त्याच गिऱ्हाइकांसमोर सांगावं. मी ऐकायला येतो. दिवस त्याने ठरवावा.