तिसऱ्या वाफ्याचं पाणी

हसायचं असंल तर आधीच हसून घ्या, मग सांगतो. मी जे शेण खाल्लंय ते मीच सांगितलेलं बरं. न्हायतर माझी पोरगी सांगंल, आणि तिच्याकडं तक्ता हाय!

काटेवाडीच्या अलीकडं आमची वस्ती. वस्तीवर सरकारी शाळा, फी न्हाय काय न्हाय, सगळ्यांची पोरं तितंच. माझी ईश्वरी सहावीत. तिच्या मॅडमची एक खोड हाय, त्या उत्तरच देत न्हायत. प्रश्न पोरांनी काढायचा, पोरांनीच सोडवायचा. मी एकदा विचारलं, मॅडम, मग तुमी शिकवता कधी? तर मलाच म्हणाल्या, "तात्या, तुम्हाला काय वाटतं?"

मी गाडीला किक मारली.

यंदा पोरांनी प्रश्न काढला, उसाला पाणी नेमकं लागतं किती? आता आमच्या घरात तीन पिढ्या ऊस. सरी तुडुंब भरून वाहिली की तवा कुठं माझा जीव थंड होतो. आणि ही एवढीशी पोरगी जेवताना म्हणती, पप्पा, तुमी पाणी लई जास्त देता. डोकंच फिरलं माझं. म्हणलं, लाव पैज! तुमचा कमी पाण्याचा ऊस भरपूर पाण्याच्या उसाएवढा आला, तर विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात ठिबक करतो. न्हाय आला, तर घरात पाण्याचा विषय बंद. वर ही पैज दूध डेअरीवर चारचौघांत सांगून आलो. गरज होती का? न्हाय. पण तोंड ना!

पोरांनी शाळेच्या फाटकाशी तीन वाफे केले, उसाची रोपं लावली. पहिल्याला आमच्या पद्धतीनं भरपूर पाणी, दुसऱ्याला निम्मं, तिसऱ्याला पाव. रोज उंची मोजायची, वहीत लिहायची.

आता मी रोज सकाळी डेअरीला दूध घालून शाळेच्या फाटकावरनंच माघारी येतो. मार्चचं ऊन. पहिले दोन दिवस मान वळवून गेलो. तिसऱ्या दिवशी बघतो तर तिसऱ्या वाफ्याची पानं पार गुंडाळलेली. पैज मीच जिंकत होतो, शीळ घालत घरी जायचं की न्हाय? पण डोळ्यादेखत ऊस सुकतोय आणि सोडून कसं जाववंल? गाडी लावली, हापशावर दुधाची रिकामी किटली भरली आणि ओतली. एकच.

दुसऱ्या दिवशी दोन. मग वाटलं, नुसत्या पाण्यानं काय व्हतंय? खिशातनं चिमूटभर युरिया नेला. दोन आठवड्यात तिसरा वाफा असा काळाभोर तरारला की पहिला त्याच्यापुढं फिका पडला. मी इतका खूश, की घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं. म्हणाली, "अहो, पण तुमी तुमच्याच विरुद्ध ऊस वाढवताय."

तवा कुठं ट्यूब पेटली. पण हात ऐकतोय का?

महिन्यानं शाळेत पालकसभा. ईश्वरीनं उभं राहून वाचलं, तिसरा वाफा सगळ्यात उंच. टाळ्या! मीही वाजवल्या. म्हणलं, जाऊ दे अर्धा एकर, पोरगी तरी खूश.

तेवढ्यात हणमंतराव उठला. आमचा बांधाला बांध. म्हणाला, पोरांनी डोळे उघडले माझे, उद्यापासून माझ्या दोन्ही एकराला पावच पाणी. मागचे दोघं-तिघं पण माना डोलवायला लागले.

दोन एकर उभा ऊस, वर हे ऊन, आणि पाव पाणी? जळून जाईल माणसाचं पीक, तेही माझ्या किटलीपायी! उठलो.

"हणमंतराव, थांबा. त्या वाफ्याला रोज मी पाणी घालत व्हतो. युरियाबी."

पोरीच्या महिन्याच्या मेहनतीवर बापानंच पाणी ओतलं. तिच्याकडं बघायची हिंमत होईना. वाटलं, आता रडंल.

तर ती शांत. "माहितीय, पप्पा. मातीत किटलीचा गोल ठसा व्हता, आणि वाफ्याला दुधाचा वास." म्हणाली, आमी मॅडमना विचारलं काय करू, तर त्या म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं? "मग आमी प्रश्नच बदलला."

आणि तिनं भिंतीवरचा तक्ता उलटा केला. मोठ्या अक्षरात लिहिलेलं: शेतकरी उसाला पाणी न देता किती दिवस राहू शकतो? खाली तारखा, किटल्यांचा हिशोब, युरियासुद्धा! शेवटी उत्तर: दोन दिवस.

सभा अशी हसली की हणमंतराव बाकावरनं घसरायचाच राहिला. मी आपलं तोंड वाचवायला विचारलं, मग उसाचं उत्तर काय? तर पोरगी म्हणाली, ठसा दिसला त्याच दिवशी आमी खरे वाफे शाळेच्या मागं केले, टाकीजवळ. का? तिकडनं माझी गाडी जात न्हाय म्हणून! सगळी सभा मागं पळाली. पाव पाण्याचा ऊस सुकलेला, पण निम्म्याचा आणि भरपूरचा अगदी बरोबरीला. मी स्वतः काठी लावून दोनदा मोजला. हरलो. आणि खरं सांगू? हरल्याचं वाईट वाटायच्या आधीच छाती फुगली. माझी पोरगी हो ती!

ठिबक झालं. पण पोरांचा माझ्यावर भरवसा न्हाय, त्यांनी व्हॉल्व्हच्या पेटीला कुलूप घातलंय. किल्ली शाळेत. कुलूप लागल्यावर तिसऱ्याच दिवशी न राहवून गेलोच मागायला. म्हणलं, मॅडम, ऊस तहानलेला दिसतोय, काय करू?

"तात्या, तुम्हाला काय वाटतं?"

मी काही बोलायच्या आत ईश्वरीनं वही उघडली, तारीख घातली आणि पुढं लिहिलं: दोन दिवस.