लिनकाकांचा दसरा

आमच्या शेजारचे लिनकाका त्यांच्या अंगणातल्या गिंकोच्या झाडाला रोज सकाळी कमरेत वाकून नमस्कार करायचे आणि मग बरोब्बर दहा पावलं मागे स्टूल ठेवून बसायचे. परदेशातल्या आमच्या या पार्सिपनी गावात त्या वेळी सगळ्यांना ऑफिसची घाई. मी गाडीत बसता बसता विचारायचे, "काका, जवळ का नाही बसत?" ते म्हणायचे, "थोरल्यांच्या मांडीवर जाऊन बसतं का कुणी?"

ते मूळचे शिआनचे, चीनमधल्या त्या जुन्या तटबंदीच्या शहरातले. तिथे इंग्रजीचे मास्तर होते. इथे मुलीकडे राहायला आलेले. बोलायचे हळू, एकेक शब्द निवडून. 'काका' म्हटलेलं मात्र त्यांना पहिल्याच दिवशी आवडलं.

आता माझा पराक्रम सांगते. मी नागपूरची; दसऱ्याला सोनं वाटल्याशिवाय मला चैन पडत नाही. इथे आपट्याची पानं कुठून आणायची? आणि गिंकोचं पान पाहिलंत तर तुम्हीही फसाल, तसंच मधोमध चिरलेलं! काका घरात नाहीत असं बघून मी पिशवीभर पानं ओरबाडली. वळते तर काका फाटकात उभे. मी आपलं निर्लज्जासारखं एक पान पुढे केलं, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी स्टूल दिसलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाई गं! आता हा माणूस आपल्याशी कधी बोलणारच नाही, असं वाटलं. शेवटी डबाभर शिरा घेऊन गेले, माफी मागितली, आमची सोनं वाटायची पद्धत सांगितली.

काकांनी आधी शिरा खाल्ला. मग म्हणाले, शिआनच्या एका देवळात फार जुनं गिंको आहे. पानं पिवळी झाली की तिथे गर्दी लोटते. फोटोत पानांचा पाऊस दिसावा म्हणून लोक फांद्या हलवायचे. रिटायर झाल्यावर काका झाडाभोवती बांधलेल्या दोरीपाशी उभे राहून त्यांना थांबवायचे. "मी विचारायचो, आजोबांचे केस उपटून फोटो काढाल का?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गिंको एका सकाळी सगळं देतं. आपण फक्त बसून राहायचं. तुमचा सण थांबेल का?"

मला हसूच फुटलं. आमच्या मंडळाचा दसरा तसाही हॉल मिळेल त्या शनिवारी होतो!

पुढच्या वर्षी थांबलो. दिवाळीचा फराळ संपला तरी दसरा बाकी. मंडळात माझी यथेच्छ टिंगल झाली. नोव्हेंबरात पहिली कडक थंडी पडली आणि सकाळीच काकांचा फोन आला, "या. देतंय." पायजम्यावर जॅकेट चढवून मी धावले, मागोमाग माझी लेक ईरा. वारा नाही, काही नाही, आणि पिवळीधमक पानं आपली सरसर उतरतायत! अखंड बडबडणारी ईरा हळूच म्हणाली, "आई, इट्स सो क्वाएट." आम्ही तिघं दहा पावलांवर बसून होतो. झाड रिकामं झाल्यावर पिशव्या भरल्या. मी काकांना पान दिलं, तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. माझं 'सोनं घ्या'चं वाक्य त्यांनी ईराकडून कागदावर लिहून घेतलं.

नंतर काका शिआनला परत गेले. गेल्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही दोघी त्यांना भेटायला गेलो. काका त्याच दोरीपाशी उभे होते. समोर ते थोरलं झाड, नुसतं सोनं! आम्ही मुकाट्याने रांगेत उभ्या राहिलो. एक पान तरंगत दोरीच्या अलीकडे, काकांच्या बुटाशी येऊन पडलं. त्यांनी ते उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि एकेक शब्द निवडत मराठीत म्हणाले, "सोनं घ्या. सोन्यासारखे राहा."

मला रडूच आलं. मी आधी झाडाला कमरेत वाकून नमस्कार केला, आणि मग दोन्ही हात पुढे केले.