कोरड्या प्लॉटवरचं मडकं

देवास जिल्ह्यात सतवासच्या पुढे सागवानाच्या जंगलात आम्ही काही रोपं तहानलेली ठेवली होती. घरी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई पोळी लाटता लाटता थांबली.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आणि ह्याला एमेस्सी म्हणतात?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. पुढे ऊन वाढेल, पाऊस कमी होईल, तेव्हा जंगलात नवी रोपं टिकतील की नाही, हे पाहण्यासाठी एका तुकड्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा उभारून वर पारदर्शक प्लास्टिकची पन्नी टाकली आहे. पावसाळ्यात निम्मं पाणी पन्हाळीतून बाहेर जातं आणि हिवाळ्यातला मावठा तर पूर्णच अडवला जातो. शेजारी तसाच एक उघडा तुकडा आहे. दोन्हींकडे महुआ म्हणजे आपला मोह, तेंदू आणि सागाची एकाच वयाची रोपं लावली आहेत. आई ऐकत होती, पण तिचा चेहरा काही बदलला नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी ते छप्पर पाहून मीही हबकलो होतो. उघड्यावरच्या महुआच्या रोपांना तांबूस पालवी फुटलेली आणि हातभर अंतरावर छपराखाली त्याच महुआचे शेंडे वाळलेले. हा प्रयोग चालवणाऱ्या मॅडमना मी घाबरत घाबरत विचारलं होतं, "मॅडम, इनको बचाना नहीं है?" त्या म्हणाल्या, "नहीं बेटा. देखना है."

मॅडम शहरातल्या एका संस्थेत होत्या आणि महिन्यातून एखाद्या वेळी यायच्या. मी त्यांचा सहायक. रोपांची उंची, पानं, मातीतल्या सेन्सरचे आकडे हे सगळं माझ्याकडे होतं. माझा प्रबंध त्या कोरड्या प्लॉटवरच होता. रोपांनी एक उन्हाळा काढला होता. दुसरा उन्हाळा पावसापर्यंत काढतात की नाही, एवढंच पाहायचं राहिलं होतं. मधे पाण्याचा एक थेंब गेला तरी सगळं वाया. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मीही चौकीदारकाकांना सांगितलं होतं. म्हणजे, सांगितलं होतं असं मला वाटत होतं.

बाबा मागच्या पावसाळ्यात गेले. देवासच्या एका कारखान्यात ते पॅकिंगला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि मी नक्की काय शिकतो हे बाबांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. "जंगल का डॉक्टर बन रिया है," असं ते कारखान्यातल्या लोकांना सांगायचे. ह्या वैशाखात त्यांची पहिली अक्षय तृतीया होती. आमच्याकडे माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या तृतीयेला त्याच्या नावानं पाण्यानं भरलेलं मडकं देतात. मला तेव्हा मोजणीमुळे घरी जाता येईना, म्हणून आईच सतवासला माझ्या खोलीवर आली. एका पिशवीत कैरीचं पन्हं आणि कुरडया, दुसऱ्या पिशवीत नवं मडकं, पांढरं फडकं आणि वाळा.

सकाळी तिनं पानं वाढली, बाबांचं नाव घेतलं आणि मग म्हणाली, "तुझं जंगल दाखव."

मी तिला घेऊन गेलो. मडकं तिच्या कडेवर होतं. सतवासमध्ये कुणा गुरुजींना देईल असं मी समजलो. मी उघड्या प्लॉटवर पानं मोजत बसलो आणि आई चौकीदारकाकांशी बोलत छपराकडे गेली. लांबून दोघांचा आवाज येत होता. आईची हिंदी मराठी वळणाची, काकांची माळवी वळणाची, तरी दोघांचं छान जमलं होतं. परतताना तिच्याकडे मडकं नव्हतं.

"दिलं?" मी विचारलं.

"दिलं," ती म्हणाली. मला वाटलं, काकांना दिलं. बरं झालं, गरजू माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी आई देवासला परतली आणि मी धारला गेलो. आमचा दुसरा प्लॉट त्या जिल्ह्यात होता. वाऱ्यानं तिथली पन्नी फाटली होती. तिथला सहायक बदनावरचा, माझ्याहून मोठा. मला पाहताच ओरडला, "आओ भिया, आओ! वैज्ञानिक साहब, ज़रा पन्नी का कोना पकड़ो, डिग्री बाद में पकड़ना." आम्ही ते छप्पर नव्यानं बांधलं. त्यात आठवडा गेला.

परत आलो तेव्हा सतवासच्या प्लॉटजवळ येताच काहीतरी चुकलंय असं वाटलं. कुंपणाची जाळी एका जागी खालून उचकटलेली होती. मी आत गेलो आणि तसाच उभा राहिलो.

छपराखालची जमीन नांगरल्यासारखी झाली होती. खड्डेच खड्डे. रोपं उपटून आडवी पडलेली, काहींची मुळं चघळून टाकलेली. सेन्सरची वायर ओढून तोडलेली. मातीत खुरांचे ठसे. रानडुकरं. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, वरच्या पाइपला सुतळीनं बांधलेलं, धक्काही न लागलेलं एक मडकं. गळ्याभोवती पांढरं फडकं. तळाच्या भोकातून कापसाच्या वातीवरून पाणी ठिबकत होतं.

टप. टप.

मी ओळखलं. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर लावतात, घरात तुळशीवर लावतात, तशी ती गळती होती. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. डोक्यात काही येतच नव्हतं. मी खाली बसून एक उपटलेलं रोप उचललं. त्याच्या शेंड्याला ताजी, इवलीशी पालवी होती.

चौकीदारकाका पलीकडून बादली घेऊन आले. समोरचं पाहून बादली त्यांच्या हातातून खाली पडली.

"अरे राम राम! कल शाम तक तो सब ठीक था, भिया!"

"काका, ये मटका..."

"माताजी ने टँगवाया. आपके पिताजी के नाम का है. बोलीं, पूरा बैसाख भरते रहना. अपन तो रोज भर रिया था."

"सिर्फ मटका भरते थे ना?"

काकांनी पडलेली बादली उचलून सरळ ठेवली. मग हळूच म्हणाले, "एक पौधे को पानी मिले और बाकी देखते रहें, अच्छा नी लगता. सबको थोड़ा-थोड़ा दे देता था."

"मैंने मना किया था ना?"

"आपने मना किया था. पर माताजी आपकी माँ है. अपन समझे, अब आपकी भी हाँ होगी."

आजूबाजूच्या जंगलात सगळे नाले आटले होते, जमीन विटेसारखी कडक झालेली. तेवढ्या एका चौकोनात ओल होती. डुकरांना तिचा वास कुठून कुठून आला असेल कोण जाणे. ओल्या मातीत मुळं आणि किडे शोधायला ती जाळी उचकटून आत आली.

मी मॅडमना फोन केला. आधी वाटलं, फक्त डुकरांचंच सांगावं. पण फोटोत मडकं येणारच होतं, आणि ते लपवायचं तर बाबांच्या नावाचं पाणी लपवण्यासारखं झालं असतं. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "एक भी पौधा खड़ा है?"

"नहीं मॅडम."

"फोटो लो. हर तरफ से. मटका उतारने से पहले लो." मग म्हणाल्या, "यह प्लॉट गया. तुम्हारा काम अब धार के आँकड़ों पर होगा, अगर वहाँ के पौधे बचे तो. इस साल जमा नहीं होगा." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मडकं उतरवायला काका तयार होईनात. "पितरों का पानी है. मैं हाथ नी लगाऊँ." म्हणून मी आईला फोन लावला.

"आई, मडकं काढावं लागेल."

"अरे, वैशाख संपायचाय अजून. झाडं बरी आहेत ना?"

"झाडं गेली, आई. सगळी."

"पाण्यानं?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पाण्यानं कशी जातील रे?"

"डुकरं आली, ओलीच्या वासानं."

मागे गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती.

"तुझं शिक्षण थांबलं का?"

"थांबलं नाही. लांबलं."

"मी ह्यांच्यासाठी केलं रे," ती म्हणाली. "त्या झाडांच्या तोंडाकडे पाहवेना, म्हणून तिथं केलं. कुणाला विचारायचं सुचलंच नाही. पाणी घालायला कुणी विचारतं का?" मग म्हणाली, "उतरव. पण उरलेलं पाणी पायदळी सांडू नकोस. एखाद्या झाडाला घाल."

मी स्टुलावर चढून सुतळी सोडली. मडकं अर्धं भरलेलं होतं, वाटलं होतं त्याहून जड. ते छातीशी धरून मी बाहेर आलो आणि कुठं ओतावं ते कळेना. उघड्या प्लॉटमधल्या प्रत्येक रोपाचं माप घेतलेलं. आसपासच्या मोठ्या झाडांनाही आम्ही पट्टे बांधलेले, खोड किती वाढतं ते पाहायला. जिथं बघावं तिथं आमची खूण. मी चालत राहिलो. कुंपण मागे राहिलं, शेवटचा पट्टाही मागे राहिला. मग एक मोठा महुआ दिसला, ज्याला आमच्यापैकी कुणीच हात लावला नव्हता. त्याच्या बुंध्याशी मी मडकं रिकामं केलं. बाबांचं नाव घ्यायचं राहूनच गेलं. पाणी वाहिलंसुद्धा नाही, पडलं तिथंच जिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छप्पर सोडवायला आम्ही तिकडून चाललो होतो. काकांनी माझा दंड धरला आणि बोट दाखवलं. महुआच्या बुंध्याशी, मी पाणी ओतलं होतं नेमकं तिथंच, जमीन उकरलेली होती. चांगला खोल खड्डा. मुळं उघडी पडलेली. अर्ध्या मडक्याच्या ओलीसाठी.

"इत्ते-से पानी के लिए!" काका पुटपुटले.

आईला मी हे सांगितलं नाही. मी बसून हातांनी माती मुळांवर परत लोटू लागलो. खड्ड्याच्या अगदी तळाला तरी ओल असेल असं मला वाटलं होतं. हात कोपरापर्यंत खाली घातला. तिथली मातीही कोरडीच होती.